डॉ. हाफकिन : आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस

२०२१ सालच्या मार्च महिन्यात मी नववीत होते. साठीच्या पुढच्या माणसांना कोरोनाची लस देण्यास तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. गुहागरच्या खालच्या पाटात आमचे घर आहे. आजी आणि तिची धाकटी बहीण पडवीत सुपारी सोलीत बसल्या होत्या. नाव नोंदवायला आधार कार्ड द्या, असे मी सांगताच आजीने मान वर न करता विचारले की ही लस माणसाला टोचण्याआधी कोणावर टोचून पाहिली आहे. मला उत्तर देता आले नाही. मग बघू, असे म्हणून दोघी पुन्हा सुपारीकडे वळल्या. ते 'मग' आजीच्या बाबतीत चार महिन्यांनी आले. धाकट्या आजीच्या बाबतीत ते आलेच नाही. मे महिन्याच्या लाटेत ती गेली.

तिला लस मिळाली असती तर ती नक्की वाचली असती, असे मी म्हणत नाही. पण एक सरळ प्रश्न विचारला गेला होता आणि शाळेत शिकणाऱ्या मुलीजवळ त्याचे उत्तर नव्हते, ही बोच मनात राहिली. पुढे महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात मी त्या उत्तराचा शोध घेऊ लागले आणि शोध घेता घेता एका माणसाच्या चरित्राशी येऊन थांबले. नाव ओळखीचे होते. आमच्या कोकणात फुरसे चावले की जे इंजेक्शन द्यावे लागते, त्याच्या संदर्भात हाफकिन हे नाव कानावरून गेलेले असते. मला तर लहानपणी हाफकिन हे औषधाचेच नाव वाटे. तो एक हाडामांसाचा माणूस होता आणि त्याने आपल्या मुंबईत, आपल्या माणसांसाठी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली, हे मला फार उशिरा कळले.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात झाला. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. घराणे ज्यू. विद्यापीठात त्यांना प्राणिशास्त्राचे गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉव्ह, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांना अटक झाली आणि गुरूंच्या रदबदलीमुळे सुटका झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात काम करीत दिवस काढले आणि १८८८ साली देश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत पोहोचले. तिथे पहिली जागा मिळाली ती संशोधकाची नव्हती, ग्रंथपालाच्या हाताखालची होती. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काम करायचे, असा क्रम सुरू झाला.

त्या काळात पटकीने युरोप आणि आशिया हैराण झाले होते. हाफकिन यांनी पटकीचे जंतू गिनीपिगच्या पोटात सोडले, तिथून काढून दुसऱ्या गिनीपिगच्या पोटात, मग तिसऱ्याच्या, असे एकामागून एक ३९ वेळा केले. प्रत्येक खेपेस जंतूंचा जोर वाढत गेला आणि अखेर तो एका ठरावीक पातळीवर स्थिर झाला. दुसरीकडे, उष्ण हवेत वाढवून त्यांनी त्याच जंतूंचे एक सौम्य वाणही तयार केले. आधी सौम्य आणि मग जोरदार, अशा दोन टोचण्यांनी प्राणी पटकीला दाद देईनासे होतात, असे त्यांना दिसून आले. १८९२ च्या जुलै महिन्यातील तारखा पाहण्यासारख्या आहेत. ९ जुलैला त्यांनी गिनीपिगवरील निष्कर्ष मांडले, १६ जुलैला ससे आणि कबुतरांवरील. दोनच दिवसांनी, १८ जुलैला, त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि ते बरे झाले. त्यानंतर त्यांचे काही मित्र पुढे झाले.

मला वाटते, आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या तीन तारखांत आहे. आधी मुका प्राणी, मग लस करणारा स्वतः आणि त्यानंतर इतर. ही पायरी हाफकिन यांनी आयुष्यभर चुकवली नाही.

पटकीचे माहेरघर म्हणून हिंदुस्थान तेव्हा कुप्रसिद्ध होता. १८९३ साली ते कलकत्त्यास आले. लोक संशयाने पाहत होते आणि त्यात नवल काही नव्हते. परका माणूस, परके राज्य आणि हातात सुई. वैद्यकाची पदवी नसल्यामुळे साहेब डॉक्टरांनाही ते उपरेच वाटत. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना त्यांनी लस दिली. नंतर तिथे पटकीचे १० रुग्ण निघाले, ते सगळे न टोचलेल्यांतले होते. या कामात चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे चार बंगाली डॉक्टर त्यांच्या बरोबर होते. वस्तीत शिरायला आपली भाषा बोलणारा माणूस बरोबर हवा, हे हाफकिन यांना पुरते उमगले होते. पुढे हिवतापाने त्यांना गाठले आणि प्रकृती सुधारण्यासाठी काही काळ युरोपला जावे लागले.

इकडे १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्या प्लेगची आठवण कोकणात अजून शिल्लक आहे. माझ्या आजीने तिच्या आजेसासूकडून ऐकलेले सांगते, की घरात उंदीर पडला की माणसे दाराला कडी घालून आगरात किंवा माळावर खोपटी बांधून राहत, आणि मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यावे की नाही याचा घोर पडे. २०२० साली चाकरमानी गावी परतले तेव्हा हाच घोर आम्ही पुन्हा पाहिला. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच प्लेगने गेल्या. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाने लोक चिडले आणि त्याच वर्षी २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. १८९६ नंतरच्या काही दशकांत या रोगाने देशभर १ कोटीहून अधिक माणसे नेली.

अशा वेळी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये दोनच वर्षांपूर्वी शोधलेला प्लेगचा जंतू वाढवायचा कसा, हा पहिला प्रश्न होता. हाफकिन यांनी मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढू लागले. इथल्या लोकांच्या धर्मभावना जपण्यासाठी तो रस बोकडाच्या मांसाचा करण्यात आला. वाढलेले जंतू उष्णतेने मारले की लस तयार होई. हे वाचून दाखवले तेव्हा, औषधात तूप घालण्याची रीत आपल्याच वैद्यांकडून उचललेली दिसते, असा शेरा आजीने मारला.

डिसेंबरात सशांवर ही लस यशस्वी ठरली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. मात्रा मोठी होती, ताप चढला, पण ते बरे झाले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्मे कैदी स्वेच्छेने टोचून घेण्यास तयार झाले आणि टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. तरुण आगाखानांनी स्वतः लस घेतली आणि त्यांच्या समाजातील हजारो माणसे पुढे आली. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण प्लेग होण्याचे आणि मरण्याचे भय तिने बरेच कमी केले. १८९९ च्या १० ऑगस्टला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली.

आणि इथेच या चरित्राला दुःखाचे वळण लागते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचले गेले होते. चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लशीत कार्बोलिक घालणे बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली, हा दोष सांगण्यात आला. हाफकिन यांना काम सोडावे लागले. वास्तविक त्या दिवशी गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हे सिद्ध करण्यात वर्षे गेली. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते दोषमुक्त झाले. ते कलकत्त्यास परतले, पण पूर्वीचे काम पुन्हा हाती आले नाही. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपला गेले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा देहान्त झाला.

ते १९ जीव मात्र विसरून चालणार नाही. हाफकिन निर्दोष होते, तसे ते १९ जणही निर्दोष होते. विश्वासाने हात पुढे करणाऱ्याचे असे झाले की पुढच्या शंभर हातांना मागे सरावेसे वाटते. आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, तो या अनुभवाच्या पोटातून आलेला होता. अशा प्रश्नाला उत्तर द्यायचे असते, त्याची टर उडवायची नसते.

प्लेग हा जंतूंचा रोग, तर आपल्या काळाला ग्रासणारे नवे रोग बहुधा विषाणूंचे आहेत. विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाही. पण रीत तीच राहिली आहे. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली, तेव्हा तिथल्या संशोधकांनी गोचिडीतून पसरणारा एक नवा विषाणू शोधला. तोच माकडताप २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात माणसांचे बळी घेऊ लागला. आणि २०२० साली याच संस्थेत वेगळ्या केलेल्या कोरोनाच्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन ही लस हैदराबादेत तयार झाली. उंदीर, ससे आणि हॅमस्टर यांच्यावर ती पारखली गेली. पुण्यात २० लाल तोंडाच्या माकडांवर प्रयोग झाला. १५ माकडांना लस दिली, पाचांना दिली नाही आणि मग सगळ्यांच्या शरीरात मुद्दाम विषाणू सोडला. लस दिलेल्यांना न्यूमोनिया झाला नाही. स्वयंसेवक माणसांवरही ती पारखली गेली आणि सर्वांत शेवटी आपण.

हे सगळे मी गेल्या दिवाळीत आजीला सांगितले. उत्तर द्यायला मला चार वर्षांहून अधिक काळ लागला होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले की धाकटीला हे कळले असते तर ती गेली असती का टोचून घ्यायला. मी म्हटले, कदाचित गेली असती. आमच्या आगरात माकडांचा उच्छाद असतो, शहाळी फोडून टाकतात. दुसऱ्या दिवशी टोळी आली तेव्हा आजीने नेहमीप्रमाणे डबा बडवून त्यांना हाकलले. पण नेहमीच्या शिव्या त्या दिवशी काही ऐकू आल्या नाहीत.

परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. त्या सशांना, गिनीपिगना आणि पुण्याच्या २० माकडांना नावे नाहीत. विज्ञान शाखेचे विद्यार्थी हे ऋण प्रयोगशाळेत फेडतील. आम्ही कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी निदान एवढे करावे, की उद्या एखादी आजी असा प्रश्न विचारील तेव्हा तिच्या भाषेत, तिच्या पडवीत बसून, खरे काय ते सांगावे, आणि तेही वेळेवर सांगावे.