मागच्या गाडीचा ब्रेक कोण लावणार? जॉर्ज वेस्टिंगहाउसची गोष्ट

अंधेरीत बंद पडलेली कार दोरीने ओढत नेताना दिसली, की मला मागच्या ड्रायव्हरची काळजी वाटते. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही बंद. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगडासारखं कडक होतं. मोटरहोममागे कार ओढणाऱ्यांचंही हेच दुखणं.

रेल्वेत हे कोडं सोडवलं जॉर्ज वेस्टिंगहाउसने. जन्म १८४६, न्यूयॉर्क राज्यात. वडिलांचा शेतीयंत्रांचा कारखाना. तेव्हा ब्रेकमन चालत्या गाडीच्या टपावरून पळत एकेका डब्याचा ब्रेक हाताने आवळायचे. भयंकर काम! १८६९ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, त्याने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. पण पाइप फुटला की ब्रेक गायब. मग काही वर्षांतच पठ्ठ्याने गणितच उलटं केलं, आणि माझ्या मते त्याची खरी कमाल हीच. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी आणि एक व्हॉल्व्ह. पाइपात दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब गेला की टाकीतली हवा ब्रेक लावते. म्हणजे डबा तुटून मागे राहिला तरी आपोआप थांबतो.

पुढे त्याने टेस्लाची पेटंटं घेऊन एसी विजेसाठी एडिसनशी टक्कर घेतली. १९०७ च्या आर्थिक संकटात स्वतःच्याच इलेक्ट्रिक कंपनीवरचा ताबा गेला. १९१४ मध्ये तो वारला.

बोरिवलीला लोकल थांबताना फुस्स आवाज येतो ना, ती ब्रेकचीच हवा. आणि ओढायच्या कारसाठी आज जे ब्रेक किट मिळतं, त्यात एक बारीक केबल असते. हुक तुटला की ती खेचली जाते आणि मागच्या कारचे ब्रेक लागतात.