नहपानाची मुद्रा

शेवगावाहून उत्तरेस निघालेला वाटसरू गोदावरीच्या तीरी येऊन पोहोचतो. तालुक्यातील मुंगी हे गाव याच तीरावर आहे आणि पलीकडच्या तीरावर पैठण, म्हणजे सातवाहन राजांची प्रतिष्ठाननगरी. सातवाहनांचे नाव या प्रदेशात सर्वांस ठाऊक आहे. मात्र ज्याने त्यांच्या हातून नाशिक, जुन्नर आणि कार्ल्याचा मुलूख हिरावून घेतला, त्या नहपानाची आठवण फार थोड्यांना असते.

नहपान हा क्षहरात कुळातला शक राजा. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला, असे आज बहुतेक विद्वान मानतात. क्षत्रप ही त्याची पदवी मूळची इराणातील. प्राचीन पारसीक सम्राट आपल्या प्रांताधिपतींना ती देत असत. भूमक या क्षत्रपानंतर नहपान सत्तेवर आला आणि पुढे महाक्षत्रप झाला. भडोच बंदर त्याच्या हाती होते. त्या काळी मिसर देशातील एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचा वृत्तांत लिहिला. भडोचच्या राजासाठी परदेशी व्यापारी चांदीची भांडी, उंची मद्य व तलम वस्त्रे आणीत, असे त्यात म्हटले आहे. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात आणि पैठणचे अकीक गाड्यांतून तेथेच जाई. नहपानाचे बळ या व्यापारात होते.

त्याचा जावई उषवदात याने नाशिकजवळ लेणे कोरवून भिक्षूंना दिले. त्यांच्या वस्त्रांसाठी ३,००० कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवली. या लेखांत ४१, ४२ व ४५ अशी वर्षे येतात. जुन्नर येथील अमात्य अयमाच्या लेखात ४६ वे वर्ष आहे. नहपानाचे एवढेच चरित्र दगडावर उरले. त्याचा चेहरा मात्र चांदीवर उरला आहे.

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी थोडीथोडकी नव्हेत, १३,२५० होती! प्रत्येकाचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूस उजवीकडे तोंड केलेले राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील नाव. पाद्री स्कॉट यांनी ती सारी तपासली, तेव्हा ते चकित झाले. नाव सर्वत्र एकच होते. पण चेहरे निरनिराळे! कोठे तरुण, कोठे गाल बसलेला वृद्ध. कोठे नाक सरळ, कोठे पुढे वाकलेले. मग खरा नहपान कोणता?

कुटुंबातील निरनिराळ्या पुरुषांनी आपापली मुद्रा कोरवून नाव तेवढे नहपानाचे ठेवले असावे, असा तर्क स्कॉट यांनी केला. ठसे कोरणाऱ्या कारागिरांनी व्यापारातून येणाऱ्या रोमन नाण्यांवरील मस्तके समोर ठेवली असावीत, असे दुसरे काही म्हणतात. लेखांतील वर्षे त्याच्या स्वतःच्या राज्यकाळाची असतील, तर तो चाळीसहून अधिक वर्षे गादीवर होता. तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतची रूपे त्यामुळे जुळतात. पण नाकाचा घाट वयाने एवढा बदलत नाही. म्हणून कोणतेही एक नाणे हाती धरून हाच नहपान, असे म्हणण्याचे धाडस करू नये.

या साठ्यातील सुमारे ९,२७० नाण्यांवर आणखी एक ठसा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, क्षहरात कुळ निर्दाळले आणि आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत नाशिकच्या भिक्षूंना दिले. शत्रूची नाणी त्याने वितळविली नाहीत; त्यांवरच चैत्य, उज्जयिनीचिन्ह आणि आपले नाव ठोकले. आपला चेहरा मात्र त्याने तेथे उमटविला नाही. घाईने ठोकलेला ठसा कधी बाजूला सरके, कधी हलका बसे. त्यामुळे एखाद्या नाण्यावर चैत्याच्या कमानींखालून नाकाचे टोक दिसते, तर एखाद्यावर हनुवटी आणि मानेवर रुळणारे केस.