डॉर्चेस्टर परगण्यांतील दासी

अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांत, चेसापीक उपसागराच्या पूर्वेस डॉर्चेस्टर नांवाचा परगणा आहे. मुलूख सखल व दलदलीचा. शेतें, झाडी, खाड्या आणि मधून मधून लहान खेडीं. तेथील रस्त्यांच्या कडेस फलक उभे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ एका दासीच्या स्मरणार्थ आहेत. सरदारांचीं व सेनापतींचीं स्मारकें आपण पाहतोंच. परंतु अक्षरओळख नसलेल्या एका मजूर बाईचीं इतकीं स्मारकें असावीं, हें आम्हांस विशेष वाटतें.

बकटाउनजवळच्या फलकावर हॅरिएट टबमन हिचें जन्मवर्ष १८२० दिलें आहे. जुन्या हिशेबांत सुइणीस दिलेल्या मजुरीची नोंद सांपडली, तीवरून तें १८२२ ठरतें. जन्मही तेथें नव्हे, तर कांहीं मैलांवर झाला. तिचा बाप बेन रॉस लांकूडतोड्या होता. त्याच्या झोपडीचे अवशेष २०२१ सालीं मातींतून निघाले. दासांचे जन्म कोण लिहून ठेवणार? खर्च पडला म्हणूनच तें वर्ष कळलें.

सहा-सात वर्षांची असतां तिला दुसऱ्याच्या घरीं भाड्यानें दिलें. अंगांत गोवर असतांही थंड पाण्यांत शिरून तिला सापळे तपासावे लागत. तिच्या तीन बहिणी दक्षिणेकडे विकल्या गेल्या. बकटाउनच्या चौरस्त्यावर एक जुनें दुकान आहे. तेथें पळणाऱ्या एका दासावर मुकादमानें फेंकलेलें सुमारें दोन पौंडांचें वजन हिच्या डोक्यास लागलें. तेव्हांपासून ती बोलतां बोलतां एकाएकीं झोपीं जाई, आणि त्या झोपेंत देव आपणांस मार्ग दाखवितो अशी तिची निष्ठा होती. वैद्य काय म्हणावयाचें तें म्हणोत. त्या निष्ठेवर तिनें आपला जीव टांकला.

१८४९ सालीं मालक मेला व विक्रीचें भय उभें राहिलें. ती एकटी पेनसिल्व्हेनियांत पळून गेली. स्वतः सुटली, पण आईबाप व भाऊ मागें राहिले. म्हणून ती परत गेली. १८६० पर्यंत सुमारें १३ वेळां जाऊन तिनें सुमारें ७० जणांस बाहेर काढलें. जुन्या पुस्तकांत ३०० चा आंकडा आढळतो. तो फुगविलेला आहे, आणि ७० कांहीं थोडे नव्हेत.

१८५४ च्या नाताळांत तिचे तीन भाऊ विकले जाणार होते. शेजारच्या कॅरोलाइन परगण्यांत, आईबापांच्या झोपडीजवळ मक्याच्या खोपींत ते तिच्यासह लपले. आईनें जेवण करून मुलांची वाट पाहिली. ती आकांत करील म्हणून तिला कांहीं कळविलें नाहीं. बापानें डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांस अन्न पोंचविलें व तसाच थोडी वाट चालला. कोणी विचारल्यास मुलें पाहिलीं नाहींत असें त्याला खरेंपणानें सांगावयाचें होतें. हें कितपत योग्य, ह्याचा निर्णय वाचकांनीं करावा. आम्हांस त्याला दोष लावण्याचें धैर्य होत नाहीं.

डॉर्चेस्टर परगण्यांतील ईस्ट न्यू मार्केट येथें सॅम्युएल ग्रीन हा स्वतंत्र कृष्णवर्णी मेथॉडिस्ट उपदेशक होता. 'अंकल टॉम्स केबिन' हें पुस्तक घरांत सांपडलें, एवढ्याचसाठीं त्याला १८५७ सालीं दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या उपदेशकबंधूंनीं आपल्या पेटींतील पुस्तकांकडे एकदां पाहावें! जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अमेरिकेंतील दास्य नाहींसें करणाऱ्या लोकांस अर्पण केली, त्या लोकांत असेही होते.

१८६३ च्या जूनांत, यादवी युद्ध चालू असतां, दक्षिण कॅरोलायनांतील कॉम्बाही नदीवर हॅरिएटनें सैन्यास वाट दाखविली; सातशेंहून अधिक दास एका स्वारींत मुक्त झाले. ती १० मार्च १९१३ रोजीं ऑबर्न येथें वारली.

केंब्रिज हें डॉर्चेस्टरचें मुख्य गांव. १८५० सालीं तेथील न्यायमंदिराच्या दारांत तिची भाची केझाया व तिचीं दोन मुलें लिलांवास उभीं केलीं होतीं. केझायाचा नवरा स्वतंत्र होता. त्यानेंच लिलांवांत बोली दिली, आणि पैसे मागण्याची वेळ येण्यापूर्वीं तिघांस घेऊन तो निसटला. पुढें होडीनें तीं बाल्टिमोरास हॅरिएटकडे पोंचलीं. त्याच न्यायमंदिरापुढें सप्टेंबर २०२२ मध्यें हॅरिएटचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला.