गोटलीब हाबरलांट

गोटलीब हाबरलांट (२८ नोव्हेंबर १८५४ – ३० जानेवारी १९४५) हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वनस्पतींच्या ऊतकांची रचना त्यांच्या कार्यावरून समजून घेण्याची अभ्यासपद्धती त्यांनी रूढ केली. ऊतक संवर्धनाचे आद्य प्रवर्तक म्हणून ते विशेष प्रसिद्ध आहेत. अंकुरणाऱ्या धान्यातील साठा कसा पचतो, यावरील त्यांच्या संशोधनाचा पूर्ण अर्थ मात्र त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, संप्रेरकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाला.

जीवन

हाबरलांट यांचा जन्म तत्कालीन हंगेरीतील उंगारिश-आल्टेनबुर्ग येथे झाला. त्यांचे वडील फ्रीडरिख हाबरलांट हे कृषिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात मिळालेल्या सोयाबीनच्या बियाण्यावर त्यांनी लागवडीचे प्रयोग केले आणि मध्य युरोपात या पिकाचा प्रसार करण्याचा प्रयत्न केला. गोटलीब यांनी १८७६ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली व पुढे ट्यूबिंगेन येथे सिमोन श्वेंडेनर यांच्या हाताखाली काम केले. १८८० पासून ते ग्राट्स येथे अध्यापन करीत होते आणि १८८८ मध्ये तेथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८९१-९२ मध्ये त्यांनी जावा बेटावरील बॉयटेनझोर्ख (आजचे बोगोर) येथील वनस्पती उद्यानात अभ्यास केला. १९१० मध्ये ते बर्लिन विद्यापीठात गेले व १९२३ मध्ये निवृत्त झाले.

त्यांचा वनस्पतींच्या शरीरक्रियात्मक रचनेवरील ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पानातील शिरांभोवती पेशींचे कडे असणाऱ्या विशिष्ट रचनेला त्यांनी दिलेले क्रांत्स, म्हणजे पुष्पचक्र, हे नाव आजही वापरले जाते. ऊस, मका, ज्वारी व बाजरी यांच्या पानांत ही रचना आढळते. लाजाळूच्या पानांतील संवेदनवहनाबद्दल १८९० मध्ये त्यांनी मांडलेली, नलिकाकार पेशींतील द्रवाच्या दाबावर आधारलेली उपपत्ती पुढे जगदीशचंद्र बोस यांनी अमान्य केली व हे वहन विद्युत स्वरूपाचे असल्याचे प्रतिपादन केले.

अंकुरणाऱ्या धान्यावरील संशोधन

तृणधान्याच्या दाण्यात पिष्ठाने भरलेला पुष्क हा मोठा भाग असतो. त्याच्या पेशी पक्व दाण्यात मृत असतात. त्यांना वेढणारा अल्यूरोन हा पातळ थर मात्र जिवंत असतो. मैदा तयार करताना तो बहुतांशी कोंड्याबरोबर निघून जातो. हा थर केवळ प्रथिनांचा साठा आहे, अशी त्या काळी समजूत होती.

१८९० मध्ये हाबरलांट यांनी राय या धान्याच्या अंकुरित दाण्यांतील अल्यूरोन थर वेगळा काढून पिष्ठावर ठेवला, तेव्हा पिष्ठ विरघळू लागले. त्यावरून हा थर म्हणजे पिष्ठाचे पचन करणारा डायास्टेज स्रवणारी ग्रंथी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी बार्लीवरील प्रयोगांवरून वेगळे मत मांडले. त्यांच्या मते हा स्राव भ्रूणाला लागून असलेल्या वरूथिकेतून येतो. भ्रूण स्वतःचे अन्न स्वतः पचवतो की त्याच्या भोवतालचा थर ते पचवून देतो, हा प्रश्न त्यामुळे दीर्घकाळ वादग्रस्त राहिला.

ऊतक संवर्धन व संप्रेरके

१९०२ मध्ये हाबरलांट यांनी पानांतील सुट्या पेशी पोषक द्रावणात वाढवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पेशी काही आठवडे जिवंत राहिल्या, आकाराने वाढल्या, पण त्यांचे विभाजन झाले नाही. तरीही शरीरपेशींपासून कृत्रिम भ्रूण मिळवता येतील, असे भाकीत त्यांनी केले. विभाजनासाठी द्रावणात कोणता घटक कमी पडतो, याचा शोध त्यांनी पुढे बटाट्यावर घेतला. बटाट्याच्या बारीक तुकड्यांत अन्नवाहक ऊतकाचा अंश असेल तरच पेशी विभागतात, असे त्यांना १९१३ च्या सुमारास आढळले. कापलेला पृष्ठभाग धुतला तर विभाजन कमी होते आणि त्यावर ऊतकांचा लगदा लावला तर ते पुन्हा वाढते, असेही त्यांनी दाखवले. यावरून वनस्पतींत विभाजन घडवणारी संप्रेरके असतात, असे त्यांनी मांडले. १९५५ मध्ये कायनेटिनचा शोध लागल्यावर या विचाराला रासायनिक आधार मिळाला.

वादाचा निर्णय

जिबरेलीन या संप्रेरकाचा माग जपानमध्ये भाताच्या रोपांना अवाजवी उंच करणाऱ्या एका बुरशीजन्य रोगाच्या अभ्यासातून लागला. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात लेस्ली पॅलेग आणि जपानमध्ये हारुगोरो योमो यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, भ्रूण काढून टाकलेल्या बार्लीच्या दाण्याला जिबरेलीन दिल्यास पिष्ठाचे पचन सुरू होते. म्हणजे बार्लीत भ्रूण संदेश देतो आणि अल्यूरोन थर त्या संदेशानुसार विकरे स्रवतो. वरूथिकाही विकरे स्रवते, आणि ज्वारीत तर तीच त्यांचा प्रमुख स्रोत आहे. दोन्ही पक्षांच्या निरीक्षणांत अशा रीतीने तथ्य होते. त्यांना जोडणारा संप्रेरकाचा दुवा १८९० मध्ये कोणालाच ठाऊक नव्हता.

या ज्ञानाचा उपयोग माल्ट उद्योगात झाला. बार्ली मोडवताना अत्यल्प जिबरेलिक आम्ल वापरले की माल्ट लवकर तयार होते. अल्यूरोन थरात फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा साठा फायटेटच्या स्वरूपात असतो. फायटेट लोह व जस्त यांनाही बांधून ठेवते. धान्य मोडवताना फायटेज या विकरामुळे हे बंध सुटतात आणि खनिजे शरीरात अधिक सहज शोषली जातात. मात्र संप्रेरकामुळे धान्यात नवी खनिजे निर्माण होत नाहीत. असलेला साठा मोकळा होण्याची क्रिया तेवढी वेगवान होऊ शकते.

अखेरचा काळ

हाबरलांट यांचे पुत्र लुडविग हे इन्सब्रुक येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. संप्रेरकांद्वारे गर्भनिरोधनाच्या कल्पनेचे ते प्रवर्तक मानले जातात. १९३२ मध्ये त्यांचा अकाली मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी गोटलीब यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वयाच्या नव्वदाव्या वर्षी, दुसरे महायुद्ध संपत आले असताना, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. १९५८ मध्ये गाजराच्या संवर्धित पेशींपासून भ्रूण मिळाले आणि त्यांचे १९०२ चे भाकीत खरे ठरले.