विश्लेषण : गुलामांच्या बाजारातून निजामशाहीच्या पेशवेपदापर्यंत… मलिक अंबर कोण होता?

आजचे छत्रपती संभाजीनगर १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले गेले. ते वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. गादीवर न बसता त्याने अहमदनगरची निजामशाही जवळपास पाव शतक सांभाळली आणि मोगलांना दख्खनमध्ये रोखून धरले.

इथिओपियाहून दख्खनमध्ये कसा आला?

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारासचा, मूळ नाव चापू. भारतीय कापडाच्या मोबदल्यात त्या काळी इथिओपियातून सोने, हस्तिदंत आणि माणसेही बाहेर जात. चापूही असाच अरबस्तानच्या बाजारात पोहोचला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे त्याला विकत घेतले ते निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने. गंमत म्हणजे चंगेजखान स्वतःच पूर्वीचा हबशी गुलाम होता.

दख्खनच्या सुलतानांना असे गुलाम हवे असत, कारण त्यांना इथे ना भाऊबंद ना वतन. निष्ठा फक्त मालकाशी. ही गुलामी पिढ्यान्‌पिढ्या मळ्यात राबवणाऱ्या अमेरिकेतल्या गुलामीपेक्षा वेगळी होती. मालक गेला की अनेकदा सुटका होई आणि तलवारीच्या जोरावर सरदारकीही मिळे. मात्र माणूस विकला जाई, हे सत्य त्याने बदलत नाही. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. काही वर्षे विजापूरकरांची चाकरी करून तो १५९५ च्या सुमारास अहमदनगरला परतला.

सत्ता हाती कशी आली?

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य संपले असे वाटत असताना अंबरने राजघराण्यातील एका तरुणाला परांड्याला मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःकडे घेतला. १६१० च्या सुमारास इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने अंबरकडे सुमारे १० हजार हबशी आणि ४० हजार दख्खनी सैनिक असल्याची नोंद केली. म्हणजे खरी ताकद स्थानिक, त्यातही मराठा घोडेस्वारांची होती. मोगलांची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, समोरासमोरची लढाई टाळायची, हे त्याचे तंत्र. खडकीतील मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्या मराठा सरदारांच्या नावाने वसल्या.

गुलामीचा शिक्का मात्र पुसला गेला नाही. समकालीन डच व्यापाऱ्याने सांगितलेल्या हकिगतीनुसार, सुलतानाच्या गोऱ्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. अंबरने राजा-राणी दोघांनाही विष देवविले आणि एका बालकाला गादीवर बसवले. कर्तबगारीच्या कौतुकात ही क्रूर बाजू बहुधा गाळली जाते.

जहांगीरला त्याचा इतका राग का?

बादशहाने अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले. त्यात जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात अंबर कधीच हाती लागला नाही. १६१६ मध्ये तो हरला, खडकी जाळली गेली, लखुजी जाधवांसारखे सरदार मोगलांकडे गेले, दोनदा तहही करावे लागले. तरी १६२४ मध्ये भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाहीच्या छावणीत चिखल केला आणि दोन्ही फौजांचा एकत्र पराभव केला. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले आणि सासरे लखुजी समोरच्या फळीत होते.

लढाईव्यतिरिक्त काय मागे राहिले?

उत्तरेच्या डोंगरांतून भूमिगत वाहिनीने पाणी आणणारी नहर-ए-अंबरी. उतारावर वाहणाऱ्या पाण्याचा दाब मोडण्यासाठी जागोजागी मनोरे बांधलेले होते. पाणचक्कीची नहर पुढच्या काळातली, दोन्हींची गल्लत होते. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून उभारलेला भडकल दरवाजाही त्याचाच. शेतकऱ्याला सर्वाधिक जाणवली ती महसुलाची घडी. सारावसुलीचा मक्ता बंद करून जमिनीच्या प्रतीनुसार सारा ठरू लागला. मलिकंबरी धारा पुढच्या मराठी कारभारालाही नमुना ठरला.

१४ मे १६२६ रोजी अंबर वारला. कबर खुलताबादला आहे. मोगल दरबारच्या इतिहासकारानेही नंतर त्याच्या युद्धकौशल्याला आणि कारभाराला दाद दिली. मुलगा फतेखानाने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. तेव्हा शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालवले.