कॉर्बेट यांच्या बंदुका

जुन्या शस्त्रांचे आकर्षण मानवी मनात खोलवर रुजलेले आहे. अक्रोडाच्या लाकडाचा घासून गुळगुळीत झालेला दस्ता, पोलादी नळीवरील निळसर झाक, कारागिराने हाताने कोरलेली नक्षी यांचा मोह अहिंसेवर श्रद्धा असणाऱ्यालाही पडू शकतो. हा मोह निषिद्ध मानण्याचे कारण नाही. मात्र शस्त्राचे सौंदर्य एक आणि त्याची जबाबदारी दुसरी, असे विभाजन करता येत नाही. हे ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते, ते पुरुष म्हणजे कुमाऊंचे शिकारी जिम कॉर्बेट.

२५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे कॉर्बेट यांचा जन्म झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. १८८१ मध्ये ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा संसार आईच्या शिरावर आला. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीस उतरे आणि तेथील जंगल हीच या मुलाची शाळा बनली. लहानपणी त्यांच्या हाती आलेली बंदूक ठासणीची होती. तिच्या दोन नळ्यांपैकी एक फुटलेली होती आणि मोडका दस्ता पितळेच्या तारेने बांधून जागेवर ठेवलेला होता. पुन्हा ठासण्यास वेळ लागतो म्हणून नेम चुकता कामा नये, आणि दारूगोळा मोजका म्हणून उगाच बार उडवता कामा नये, हे दोन धडे त्या मोडक्या शस्त्राने दिले. ते त्यांना जन्मभर पुरले.

तरुणपणी ते रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि पुढे गंगेकाठच्या मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचा ठेका त्यांनी दोन दशके सांभाळला. शिकार हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. तरीही १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीसाठी सरकारला त्यांची आठवण झाली. नेपाळात व कुमाऊंत मिळून त्या वाघिणीने ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. दिवसाढवळ्याही लोक दारे लावून बसत आणि शेते ओस पडली होती. अखेरच्या हाक्याच्या वेळी कॉर्बेट यांच्यापाशी तीनच काडतुसे होती. ती संपली तरी जखमी वाघीण उभीच होती. तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची जुनी बंदूक घेतली. तिची नळी आणि मागचा ठोकळा यांमध्ये चांगलीच फट होती. बार उडताच ती हातातच फुटण्याची भीती होती. त्या बंदुकीचा नेम तर चुकलाच, गोळी केवळ पंजाला लागली. परंतु आधीच्या गोळ्यांनी आपले काम केले होते आणि वाघीण कोसळली.

यानंतर जे आढळले ते या कथेतील सर्वांत महत्त्वाचे होय. वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले होते, आणि ते बंदुकीच्या जुन्या जखमेने तुटलेले होते. नैसर्गिक सावज मारणे तिला अशक्य झाले म्हणून ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. म्हणजे कोणा अज्ञात शिकाऱ्याने गोळी झाडली, जखमी जनावराचा माग सोडून तो निघून गेला, आणि त्या निष्काळजीपणाची किंमत शेकडो कुटुंबांनी मोजली.

पुढे नैनितालच्या दरबारात प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी तहसीलदारांना एक बंदूक आणि शोधात कॉर्बेट यांच्यासोबत राहिलेल्या ग्रामस्थास एक सुंदर शिकारी सुरा दिला. कॉर्बेट यांना मिळाली ती लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ ची रायफल. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी होती आणि तीवर चंपावतचा उल्लेख कोरलेला होता. हीच हलकी रायफल त्यांची जन्माची सोबती ठरली.

११ एप्रिल १९३० रोजी चौगढच्या वाघिणीशी त्यांची अवघ्या आठ फुटांवर गाठ पडली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा त्यांना छंद होता. अंडी न टाकता, एका हाताने, तीळ तीळ रायफल वळवून त्यांनी गोळी झाडली. जड रायफल असती तर ते साधले नसते. नंतर ती अंडी त्यांनी जिथून उचलली तिथेच परत ठेवली. १९१८ ते १९२६ या काळात १२५ बळी घेणाऱ्या रुद्रप्रयागच्या बिबट्याचा अंतही त्यांच्याच हातून झाला.

तथापि कॉर्बेट यांना देवत्व देण्याचे कारण नाही. त्याच १९३० सालच्या हिवाळ्यात त्यांनी पवळगढचा प्रचंड वाघ मारला. त्याने कोणाचाही बळी घेतलेला नव्हता. त्या भव्य जनावराच्या कातड्याचा मोह अनेक शिकाऱ्यांप्रमाणे त्यांनाही होता. पहिल्या गोळीने वाघ केवळ जखमी झाला आणि ते काम पुरे करीपर्यंत त्यांना दिवसांमागून दिवस त्याचा माग काढावा लागला. चंपावतच्या अज्ञात शिकाऱ्यात आणि कॉर्बेट यांच्यात अंतर होते ते इतकेच, की अर्धवट सोडलेल्या गोळीचे ऋण आपल्या माथी आहे, हे कॉर्बेट जाणत होते.

याच काळात त्यांच्या हाती रायफलीऐवजी कॅमेरा अधिक दिसू लागला. ओढ्याच्या खळखळाटात यंत्राचा आवाज बुडावा अशी जागा निवडून त्यांनी वाघांचे चलच्चित्र टिपले. १९३६ मध्ये भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊंत स्थापन झाले, त्यामागेही त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या महायुद्धात छिंदवाड्यास त्यांनी सैनिकांना जंगलयुद्धाचे शिक्षण दिले. १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने त्यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ प्रसिद्ध केले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

१९४७ च्या अखेरीस, बहीण मॅगीसह केनियाला जाण्यापूर्वी, त्यांनी आपल्या काही बंदुका जंगलात पुरल्या असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रिग्बी मात्र त्यांनी जवळ ठेवली. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाल्यावर ती प्रकाशकांकडे गेली आणि पुढे निर्मात्यांकडे परतली. २०१६ मध्ये ती कुमाऊंत आणली गेली, तेव्हा ती पाहण्यास गावकरी जमले. त्यांच्या नावाच्या उद्यानातूनच १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला होता.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारी रायफल आपल्याकडे बहुतांशी कपाटातील वस्तू झाली आहे, आणि ते योग्यच आहे. संग्राहकाने तिची कारागिरी जरूर न्याहाळावी, तिचा इतिहास जपावा. परंतु चांदीच्या पट्टीवर कोरलेले चंपावत हे नाव वाचताना एका तुटलेल्या सुळ्याचीही आठवण ठेवावी. रिग्बीला ती पट्टी मिळाली, ती दुसऱ्या कोणाच्या तरी बंदुकीने केलेल्या अपराधाची भरपाई म्हणून.