आल्फ्रेड बिने

मुलांनो, एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हटलेले तुम्ही ऐकले असेल. पण तो ‘ढ’ आहे हे कोणी ठरवले? आणि कशावरून? या प्रश्नाचा ज्यांनी चिकाटीने शोध घेतला, त्या आल्फ्रेड बिने यांची ही गोष्ट आहे.

बिने यांचा जन्म १८५७ साली आज फ्रान्समध्ये असलेल्या नीस या शहरात झाला. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी वकिली केली नाही. त्यांना मानसशास्त्राची गोडी लागली. मादलेन व आलिस या आपल्या मुलींना ते छोटी छोटी कोडी घालत. दोघी एकाच घरातल्या, पण दोघींची विचार करण्याची रीत वेगळी!

त्या काळी मोठ्या डोक्यात जास्त बुद्धी असते, असे पुष्कळांना वाटे. बिने यांनाही तसेच वाटे. म्हणून ते शाळांत जाऊन मुलांची डोकी मोजू लागले. हुशार मुले कोणती आणि मागे पडलेली कोणती, हे शिक्षक सांगत. फरक निघाला तो अगदी मिलिमीटरभर. मग त्यांना स्वतःचीच शंका आली. हुशार म्हणून सांगितलेल्या मुलाचे डोके मोजताना आपल्याच हातून माप वाढत तर नसेल? त्यांनी व त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी काही जणांची डोकी स्वतंत्रपणे मोजली. दोघांची मापे जुळेनात. बिने यांनी ही चूक लपवली नाही, लिहून ठेवली. हे वाचल्यापासून मी उत्तरपत्रिका तपासताना नावाचे पान दुमडून ठेवतो.

१९०४ साली फ्रान्स सरकारने एक समिती नेमली. अभ्यासात फार मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे शिक्षण द्यायचे होते. पण अशी मुले ओळखायची कशी? एकाच मुलाविषयी दोन डॉक्टर दोन मते देत. तेव्हा बिने व सिमाँ यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची कसोटी तयार केली. जळती काडी फिरेल तिकडे नजर फिरवणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, दोन वजनांतले जड वजन ओळखणे, असे ते प्रश्न होते. पुस्तकी पाठांतर त्यात नव्हते.

कोणाला मदत हवी ते कळावे, एवढाच कसोटीचा हेतू होता. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे बिने यांना मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात त्यांनी गमतीचे खेळ सुरू केले. इशारा होताच मुलांनी पुतळ्यासारखे स्तब्ध राहायचे. काही वस्तू क्षणभर पाहून त्यांची नावे सांगायची. एकदा पार्लमेंटचे काही सभासद वर्ग पाहायला आले व हौसेने तोच खेळ खेळले. मुलांनी त्यांना मागे टाकले!

१९११ साली बिने वारले. त्यांची कसोटी अमेरिकेत गेली. तेथे १९१३ साली बोटीतून उतरणाऱ्या परदेशी लोकांना तिच्या आधारे मंदबुद्धी ठरवण्यात आले. १९१६ साली तिला बुद्ध्यांकाचा आकडा जोडला गेला. सिमाँ १९६१ पर्यंत जगले. या आकड्याने कसोटीच्या हेतूचा विश्वासघात केला, असे त्यांचे मत होते.